दोन संसार, एक फ्लॅट : सामानाचं काय करू?

मलप्रभाकाठ
३ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ६१ वर्षांची, खानापूरची, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी पुण्याला आहे. आता लग्न करतेय. सर आमच्याच शाळेत गणिताला होते, त्यांच्या मिसेस सहा वर्षांपूर्वी गेल्या. मी अजून त्यांना सरच म्हणते आणि ते मला बाई, हे यापुढे बदलेल असं वाटत नाही. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करतोय, त्याला तीस दिवसांची नोटीस लागते, ती गेल्या आठवड्यात लागली. म्हणजे घर आवरायला मला जेमतेम तेवढेच दिवस आहेत. शिवाय मृग लागायच्या आत टेम्पो निघायला हवा. खानापूरचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको.

लग्नाबद्दल सल्ला नको आहे, तो गावात फुकट मिळतोय. सामानाबद्दल हवा आहे.

माझं घर कौलारू, चार खणांचं, वर माळा. घर दिराकडे जाणार. सरांचा फ्लॅट बेळगावात भाग्यनगरला, दोन बेडरूमचा, दुसरा मजला, लिफ्ट नाही. माझ्याकडे काय काय आहे बघा. सासूबाईंचा तांब्याचा बंब, पितळी हंडे-कळश्या, दोन पराती, घंगाळ, दगडी रगडा, मांडे करायचं खापर (शेवटचं कधी वापरलं आठवत नाही), लोणच्याच्या सहा बरण्या, साड्यांच्या दोन ट्रंका, आणि पुस्तकं. पुस्तकं म्हणजे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, जिथं जिथं साहित्य संमेलन भरलं तिथून दर हिवाळ्याला पिशवी भरून आणलेली. २००० साली बेळगावात अखिल भारतीय संमेलन झालं, य. दि. फडके अध्यक्ष होते, त्या वेळचा माझा पाससुद्धा जपून ठेवलाय. शिवाय देव. शिवाय 'ह्यां'चे कपडे. अकरा वर्षं कपाट उघडते, डांबराच्या गोळ्या बदलते आणि बंद करते.

कुठून सुरुवात करू?

---

सुटसुटीत_पुणे
३ मे, रात्री १०.१५

अभिनंदन काकू! सोपा नियम सांगते. जी वस्तू वर्षभरात वापरली नाही ती काढून टाकायची. विचारच करायचा नाही. मी माझं आख्खं घर दोन शनिवारांत रिकामं केलं.

---

तंबाखूची_वखार
३ मे, रात्री १०.३२

पुणेकर ताई, तुमच्या हिशेबानं चकलीचा सोऱ्या गेला, पुरणयंत्र गेलं, गणपतीचं मखर गेलं. आमच्या निपाणीत ह्याला आवरणं न्हाई, दरोडा म्हणत्यात.

---

सुटसुटीत_पुणे
३ मे, रात्री १०.४०

😄 वर्षातून एकदा वापरता ना? मग राहू द्या की. मी न वापरलेल्यांबद्दल बोलतेय. मांड्यांचं खापर मात्र गेलं पाहिजे.

---

शहापूरची_सून
४ मे, सकाळी ७.०५

बाई, मी तुम्हाला एक सांगतो. (पुण्यामुंबईचे विचारायच्या आत: मी बाईच आहे, आमच्यात बायका असंच बोलतात.)

तुम्ही आपल्या घरातलं काय काढायचं ते विचारालाय. त्याच्या आधी तिकडं जाऊन बघून या. टेप घेऊन जावा. ओट्याखाली किती जागा, कपाटाचे कप्पे किती, त्यातला रिकामा कुठला. मी लग्न होऊन आलो तेव्हा सासूनं आख्ख्या घरात मला एक कप्पा दिला होता, तोसुद्धा खालचा, आणि त्यात नणंदेच्या वह्या. माझ्या माहेरची भांडी चार वर्षं पोत्यात होती. पोतं सोडायच्या आत पितळेला हिरवं आलं.

तिकडं जागा झाल्याशिवाय इकडचं सामान बांधू नका. आणि ती जागा कुणी करायची ते सरांना विचारा.

---

रुमाल_दप्तर
४ मे, सकाळी ११.२०

भांड्यांचं बाकीचे सांगतील, मी कागदांचं सांगतो. माळ्यावर जुन्या दस्तांचं गाठोडं असणारच. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते सोडून बघा. १९५६ च्या आधी आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जमिनीचे, वाटणीचे, गहाणखताचे जुने कागद मराठीत आहेत आणि त्यातले कित्येक मोडी लिपीत. पुढचे सगळे कन्नडमध्ये. घरातल्या पोरांना मोडी वाचता येत नाही, म्हणून 'काहीतरी खरडलंय' असं समजून ते पहिल्यांदा रद्दीत जातात. उद्या हद्दीचा वाद निघाला की तोच कागद लागतो.

थोडक्यात, मोडीत लिहिलेलं मोडीत घालू नका. 🙂

कागदांच्या घड्या उघडून सपाट ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आपल्या हवेत आत दमट होऊन बुरशी धरते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळायचे, पूर्वी रुमाल बांधायचे तसे. आणि घर दिरांकडे जातंय तर घराचे कागदही त्यांनाच द्या. पण प्रत्येक पानाचा फोटो तुमच्याकडे असू द्या.

---

मलप्रभाकाठ
४ मे, रात्री ८.५०

रुमाल_दप्तर, आज संध्याकाळी गाठोडं सोडलं. एकोणीस कागद, त्यातले सात मोडी. एकावर सासऱ्यांच्या वडिलांचा अंगठा आहे. मोडी वाचणारं कुणी खानापुरात आहे का बघते.

शहापूरची_सून, टेप घेतली. रविवारी जातेय.

---

छोटा_हत्ती_बेळगाव
५ मे, दुपारी २.१०

म्याडम, मी टेम्पो चालवतोय. खानापूर-बेळगाव आमचं रोजचंच. एक सांगतो, लोकं फ्रीजला जपत्यात आन् रगडा विसरत्यात. दुसऱ्या मजल्यावर रगडा चढवायचा म्हणजे दोन माणसं आन् एक पोतं पायजे, पायऱ्या फुटत्यात. हमाल आदी ठरवा, ऐनवेळी मागतील ते द्यावं लागतंय. बरण्यांत कपडे कोंबून आणा, म्हणजे बरणीबी ऱ्हाती आन् कपडेबी येत्यात. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका, उचलणाऱ्याची पाठ जाती. लहान खोकी करा.

---

मलप्रभाकाठ
९ मे, रात्री १०.०५

जाऊन आले. टेप पिशवीतून काढलीच नाही.

स्वयंपाकघरात नऊ कप्पे आहेत आणि नऊही भरलेले. मिक्सर आहे, त्याच्या मागे बंद पडलेला मिक्सर आहे, त्याच्या मागे खोक्यातला नवा. चहाचे कप मोजले, चौतीस. सर एकटे राहतात! बेडरूममधलं लोखंडी कपाट उघडलं तर अख्खं त्यांच्या मिसेसच्या साड्यांचं. इस्त्री केलेल्या, एकावर एक. वरच्या कप्प्यात त्यांची पर्स आणि पर्समध्ये अजून रिक्षाचे सुटे पैसे.

सर दारात उभे होते. म्हणाले, "बाई, हे मला जमलं नाही."

मला राग आला असता तर बरं झालं असतं. मी स्वतः अकरा वर्षं डांबराच्या गोळ्या बदलतेय, मी काय बोलणार. चहा केला आणि शेवटच्या बसनं परत आले.

---

तंबाखूची_वखार
९ मे, रात्री १०.४८

बाई, वाईट वाटून घेऊ नका. एक सुचवतो. दोन्हीकडच्या कपड्यांची वाकळ शिवून घ्या. तुमच्याकडं खेड्यात शिवणाऱ्या बायका असत्यात अजून. वरनं साड्या, खालनं धोतर, मधी जुनं कायबी. आमच्या आज्जीची वाकळ पाच किलो भरायची, थंडीत दुसरं काय लागायचं न्हाई. कुणाचंच टाकलं असं होत न्हाई.

---

सुटसुटीत_पुणे
९ मे, रात्री १०.५५

किती सुंदर कल्पना! डोळ्यांत पाणी आलं.

---

मलप्रभाकाठ
१० मे, सकाळी ६.३०

कल्पना सुंदर आहे, पण नको. मला त्यांच्या साड्या अंगावर घेऊन झोपायचं नाही. आणि 'ह्यां'चं धोतर सरांच्या अंगावर, तेही नको. स्पष्ट लिहिलं म्हणून रागावू नका.

---

तंबाखूची_वखार
१० मे, सकाळी ७.१५

बरोबर हाय. वाकळ रद्द.

---

अनगोळचा_बेंगळुरूत
१० मे, दुपारी १.००

काकू, मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. माझ्या बाबांनी आई गेल्यावर चार वर्षांनी लग्न केलं. मला आनंदच झाला होता, खरंच. मी इकडे नोकरीत, सुट्टी मिळत नव्हती, लग्नाला आलो आणि दुसऱ्या दिवशी परत. पुढच्या गणपतीला घरी गेलो तर घर लख्ख. आईचं एकही भांडं नाही. बाबांनीच सगळं देऊन टाकलं होतं, काही बोहारणीला, काही मोडीत. नव्या आईंनी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. बाबांना वाटलं, त्या यायच्या आत आवरलेलं बरं.

आईचा एक अडकित्ता होता, मोराच्या आकाराचा. त्याची किंमत शंभर रुपयेसुद्धा आली नसेल. मी सुपारी खात नाही. पण खडेबाजारात जुन्या भांड्यांचं दुकान दिसलं की माझी नजर अजून तिथं जाते.

सरांना मूल असेल तर आधी त्याला बोलवा. तुम्ही हात लावू नका, आणि सरांनाही एकट्यानं लावू देऊ नका.

---

मलप्रभाकाठ
१० मे, रात्री ९.२०

मुलगा हुबळीला आहे. मी आजवर त्याच्याशी दोनदाच बोललेय. सरांना आत्ता फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "त्याला कशाला त्रास?" मी तुमची अडकित्त्याची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "करतो फोन."

---

शहापूरची_सून
१२ मे, सकाळी ८.४०

तोपर्यंत साड्यांचं सांगतो, आमच्या घरात माग होता. तुमच्या ट्रंकेत इरकल असतील. इरकलीचं अंग सुताचं आणि पदर रेशमाचा, दोन्ही फासे घालून जोडलेले असतात. जुनी झाली की ती जोडावरच सुटते. ट्रंकेतून काढताना पदराला धरून ओढू नका. घडी ज्या रेघेवर वर्षानुवर्षं आहे तिथंच जर तुटते, म्हणून घडी बदलून मलमलीच्या कपड्यात बांधा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, त्यापेक्षा वेखंड नाहीतर कडुलिंबाचा वाळलेला पाला बरा.

आणि दारावर जुनी जर घेणारे येतात, त्यांना घाईनं देऊ नका. जुन्या खऱ्या जरीत चांदीची तार असते. तो साडीकडं बघून भाव सांगतो, चांदीकडं बघून न्हाई. सराफाला दाखवून मगच.

---

चूल_ते_शेगडी
१२ मे, सकाळी १०.३०

गॅसचं कुणीच बोललं नाही? दोघांच्या नावावर वेगवेगळे कनेक्शन असणार. नियमानं एका कुटुंबाला, एका स्वयंपाकघराला एकच घरगुती कनेक्शन. बाईंनी आपलं एजन्सीत परत करायचं: सिलिंडर, रेग्युलेटर, आणि कनेक्शन घेताना मिळालेली डिपॉझिटची पावती. पावतीवर जी रक्कम असेल तीच परत मिळते, आजच्या भावानं नाही. फार अपेक्षा ठेवू नका. सरांच्या कनेक्शनवर दुसरा सिलिंडर घेता येतो, म्हणजे अडचण नाही. पावती हरवली असेल तर आधीच विचारा, शपथपत्र वगैरे मागतात.

पितळेबद्दल: सगळं मोडीत घालू नका, एक परात आणि एक पातेलं ठेवा, पण कलई करून. कलई नसलेल्या पितळेत आमसुलाचं सार केलं की कळतं.

---

मलप्रभाकाठ
१२ मे, रात्री ९.००

पावती सापडली! 'ह्यां'च्या शर्टाच्या खिशात. अकरा वर्षांत एकदाही त्या खिशात हात घातला नव्हता.

त्यानंतर बाकीचे खिसेही बघितले. एक एसटीचं तिकीट, पान खायचा चुना, माझ्या अक्षरातली वाण्याची यादी. यादी ठेवली. कपडे उद्या चार जणांना देतेय, ज्यांच्या मापाचे आहेत त्यांनाच. दोन सदरे दिराला. ते म्हणाले, वहिनी, दादाचे आहेत, मी घालीन.

देवांचंही दिरांशी बोलले. टाक सासरच्या कुळाचे आहेत, ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजेत, ते आनंदानं घेतायत. मी फक्त माहेरून आणलेली अन्नपूर्णा घेऊन जाते. सरांच्या देव्हाऱ्यात सौंदत्तीच्या यल्लम्माचा फोटो आहे, तिच्या शेजारी बसेल.

---

गणपतगल्ली_जुनी
१३ मे, सकाळी ९.५०

पुस्तकांचं काय ठरलं? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशेहून जास्त वर्षांचं आहे, पण कुठल्याही वाचनालयात पोती नेऊन टाकू नका, आधी यादी द्या. त्यांच्याकडे आहेत तीच पुस्तकं पुन्हा गेली तर तीही शेवटी रद्दीतच जातात. गावोगावच्या संमेलनांच्या स्मरणिका असतील तर त्या मात्र कुणालाही न देता आधी मला विचारा. 😀

---

मलप्रभाकाठ
१३ मे, दुपारी ४.१५

स्मरणिका अकरा आहेत. चार तुम्हाला, सात मी ठेवते. निवड माझी.

---

सुटसुटीत_पुणे
१८ मे, रात्री ८.३०

काकू, काही अपडेट? मी माझ्या आईला हा धागा वाचून दाखवतेय. तिनं मला विचारलं, "तू माझा पाटा-वरवंटा कुठं टाकलास?" मी उत्तर दिलेलं नाही.

---

मलप्रभाकाठ
२१ मे, रात्री ११.१०

आज मुलगा आणि सून आले होते. मी जाणार नव्हते, सुनेनंच फोन केला: "तुम्ही या, नाहीतर हे दोघं नुसते बसून राहतील."

आणि खरंच तसंच झालं होतं. दोघं बापलेक कपाट उघडून खुर्च्यांवर बसलेले, मध्ये चहाचे चौतीसपैकी सहा कप. मी आणि सून खाली सतरंजीवर बसलो. ठरवलं की साडी मी उचलणार नाही, सून उचलेल, मुलगा सांगेल. पहिल्या साडीला त्यानं अर्धा तास घेतला. पोपटी इरकल, काठ उसवलेला. त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आई हीच नेसली होती म्हणे. ती त्यानं ठेवली. दुसरीला दहा मिनिटं. पंधराव्या साडीनंतर स्वतःच म्हणाला, "बाकीच्या मला आठवत नाहीत." मग भराभर झालं. सुनेनं पाच घेतल्या, सरांच्या बहिणीसाठी दोन, उरलेल्या एका आश्रमात, तिथं आधी विचारून. पर्स मुलानं तशीच घेतली, सुट्या पैशांसकट.

जाताना त्यानं तो खोक्यातला नवा मिक्सर काढून ओट्यावर ठेवला. म्हणाला, आईला मी दिवाळीला दिला होता, तिनं कधी उघडला नाही, तुम्ही वापरा. मला काय बोलावं सुचलं नाही. मी म्हटलं, माझा आहे. मग लगेच म्हटलं, बरं, वापरते.

म्हणजे मिक्सर आता चार.

त्यांच्या मिसेसचा फोटो हॉलमध्ये आहे, तो तिथंच राहणार. 'ह्यां'चा फोटो शेजारी लावायचा का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, नको, मुलीकडे देते. पण विचारलं ते बरं वाटलं.

---

अनगोळचा_बेंगळुरूत
२२ मे, सकाळी ९.००

🙏

---

चूल_ते_शेगडी
२२ मे, सकाळी ११.४५

बंबाचं राहिलं की. तांब्याला भाव चांगला आहे, पण मोड घेणारे घट धरतात, जस्ताचे डाग, माती, जुनी डागडुजी सगळं वजनातून वजा. दोन ठिकाणी विचारा.

---

सुटसुटीत_पुणे
२२ मे, दुपारी १२.१०

बंबात मनीप्लांट लावा ना! बाल्कनीत छान दिसेल.

---

मलप्रभाकाठ
२२ मे, रात्री ९.३५

सासूबाई उठून येतील. 😄

बंब दिला. आमच्याकडे वीस वर्षं काम करणारी शांताक्का (नाव बदललंय) जंगलाकडच्या गावात राहते, तिच्या सुनेला मुलगी झालीय, अजून महिना झाला नाही. तिथं पाऊस लागला की चार-चार दिवस वीज नसते, गिझरचा उपयोग नाही. बाळ-बाळंतिणीला गरम पाणी बंबाचंच. तिचा मुलगा मोटारसायकलवर मागं बांधून घेऊन गेला. मी म्हटलं, पाण्याशिवाय पेटवू नका, नळी साफ करा. शांताक्का म्हणाली, "बाई, ह्यो बंब वीस वरसं मीच पेटवत आलोय, तुम्ही कवा पेटवलासा?"

---

छोटा_हत्ती_बेळगाव
३ जून, सकाळी ७.२०

म्याडम, आज आपलीच गाडी हाय न्हवं? सकाळी दहाला येतो. ढग भरून आल्यात, ताडपत्री घेतलीय.

---

मलप्रभाकाठ
३ जून, रात्री ८.१५

पोचले. एकूण एकवीस खोकी, लहान केली म्हणून एवढी दिसतायत. नोंदणी परवा.

सरांनी लोखंडी कपाट अख्खं रिकामं करून आतून पुसून ठेवलंय, कप्प्यांत नवे कागद घातलेत. मुलाच्या जुन्या आलेखवहीचे कागद, हिरव्या चौकटींचे. कडा पट्टीनं कापलेल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून आहे, दार उघडं ठेवलंय.

खापर आणलंय, पुणेकर ताई. बोलू नका.

---

शहापूरची_सून
३ जून, रात्री ८.३०

लई भारी बाई. आणि रगडा?

---

मलप्रभाकाठ
३ जून, रात्री ८.३४

जिन्याखाली आहे. हमाल उद्या येतो म्हणालेत. सर पोतं शोधतायत.